चित्रकथांचा संग्रह : रसिकता की सावकारी?

ग्रंथसंग्रह करणाऱ्या माणसाची थट्टा करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. घरात पुस्तकांस जागा नाही, कपाटास वाळवी लागलेली, गृहिणी वैतागलेली, आणि गृहस्थ मात्र जुन्या बाजारातून आणखी एक गठ्ठा बगलेत मारून जिना चढत आहे, हे चित्र विनोदी लेखकांनी पुष्कळदा रंगविले आहे. तथापि या थट्टेच्या मुळाशी थोडा आदरही असे. कारण तो गृहस्थ पुस्तके वाचतो, निदान वाचण्याच्या इच्छेने घरी आणतो, याविषयी थट्टा करणाऱ्यासही शंका नसे. आज आम्ही ज्या संग्राहकाचा विचार करणार आहोत त्याच्या बाबतीत नेमकी हीच शंका उपस्थित होते. हा संग्राहक अमेरिकेतील चित्रकथांचा, म्हणजे ज्यांस सर्वत्र कॉमिक्स म्हणतात त्या पुस्तिकांचा, संग्रह करतो. आणि त्याच्या शास्त्राप्रमाणे उत्तम पुस्तक ते, की जे कोणी कधी उघडले नाही.

शेक्सपिअर शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने असल्या पोरखेळाविषयी लिहावे काय, असा प्रश्न काही वाचक करतील. त्यास आमचे उत्तर असे की, रसास्वादाची कसोटी थोर ग्रंथांवर लागते तशीच क्षुल्लक मानलेल्या ग्रंथांवरही लागते. शिवाय या लेखास एक खाजगी निमित्तही झाले आहे. आमचे एक महाविद्यालयीन स्नेही १९९२ साली अमेरिकेत शिकत होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात ‘सुपरमॅन’ मालिकेचा ७५ वा अंक विक्रीस आला. या अंकात नायकाचा मृत्यू व्हावयाचा होता. काळ्या पिशवीत मोहोरबंद केलेल्या त्याच्या दहा प्रती आमच्या स्नेह्यांनी विद्यार्थिदशेतील काटकसरीच्या पैशांतून घेतल्या. त्यांच्या अंदाजाप्रमाणे वीस वर्षांनी त्यांतून घराची निम्मी किंमत तरी निघावयास हवी होती. गेल्या वर्षी ते कायमचे स्वदेशी परतले तेव्हा त्या दहाही प्रती त्यांच्या सामानात तशाच होत्या. मुलाने सहज विचारले, “बाबा, यात गोष्ट काय आहे?” आणि तीस वर्षे ज्याची राखण केली त्या पुस्तकातील गोष्ट आपणांस ठाऊक नाही, हे त्यांस त्या क्षणी प्रथम उमगले.

आता त्यांचा अंदाज अगदीच निराधार होता असे नव्हे. सुपरमॅनचा जन्म जून १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात झाला. त्या अंकाची किंमत होती दहा सेंट. त्याच अंकाची एक प्रत २०१४ मध्ये ३२ लक्ष डॉलरांस, व दुसरी एक २०२४ मध्ये ६० लक्ष डॉलरांस विकली गेली. १९६२ साली बारा सेंटांस मिळणारा ‘अमेझिंग फँटसी’चा १५ वा अंक, ज्यात स्पायडरमॅन प्रथम अवतरला, २०२१ मध्ये ३६ लक्ष डॉलरांस गेला. हे आकडे वाचून कोणाचेही मन चळेल. परंतु येथे विचार केला पाहिजे तो हा की, एवढी किंमत त्या कागदास आली कोठून?

ती आली नाशातून. १९३८ च्या मुलाने तो अंक वाचला, मित्रास वाचावयास दिला, मित्राने त्याची पाने दुमडली, धाकट्या भावाने त्यावर रेघोट्या ओढल्या, आणि अखेर आईने तो केरात टाकला. पुढे दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांत गठ्ठेच्या गठ्ठे गेले. १९४८ च्या सुमारास तर काही गावांत शिक्षक व पालक यांच्या प्रोत्साहनाने शाळकरी मुलांनी कॉमिक्सच्या होळ्या केल्या. लक्षावधी प्रती छापल्या गेल्या आणि मोजक्या उरल्या. म्हणजे आज जी प्रत लक्षावधी डॉलरांस जाते तिचे मोल तिने स्वतः मिळविलेले नाही. ज्या प्रती प्रेमाने वाचून फाटल्या, किंवा तिरस्काराने जाळल्या गेल्या, त्या सर्वांचे मोल तिच्या अंगावर येऊन पडले आहे. आणखी एक गोष्ट. तो अंक विकत घेणाऱ्यांपैकी कोणीही तो धनासाठी घेतला नव्हता.

हे साधे गणित १९९० नंतरच्या तीनचार वर्षांत हजारो शहाणी माणसे विसरली. जुन्या कॉमिक्सच्या किमतींची मार्गदर्शिका रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी १९७० पासून प्रसिद्ध करावयास आरंभ केला होता. जुन्या अंकांचे चढते भाव तीत दरसाल छापून येत. त्यावरून नवे अंकही असेच चढतील असा तर्क लोकांनी केला, आणि प्रकाशकांनी त्यास मनापासून खतपाणी घातले. एकाच अंकास निरनिराळी मुखपृष्ठे द्यावयाची, मुखपृष्ठावर चकाकणारा वर्ख लावावयाचा, पिशवीत एखादे चित्रपत्र घालावयाचे, म्हणजे संग्राहकाने एकच गोष्ट पाच वेळा विकत घ्यावी, अशी ही योजना होती. १९९१ साली ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह निघाला व त्याच्या सुमारे ८० लक्ष प्रती दुकानदारांनी मागविल्या. जी वस्तू ८० लक्ष लोकांनी जपून ठेवली ती दुर्मिळ कशी होणार, हा प्रश्न त्या गर्दीत कोणी विचारला नाही. आजही तो अंक जवळजवळ छापील किमतीस मिळतो. सुपरमॅनच्या मृत्यूचा अंकही कित्येक लक्ष खपला, आणि त्याचीही गत फारशी निराळी नाही.

या सट्ट्याची झळ सटोडियांसच लागती तर आम्हांस दुःख नव्हते. परंतु अमेरिकेत १९७० नंतर जी खास कॉमिक्सची दुकाने निघाली, त्यांचा व्यवहार असा असे की, माल सवलतीने मिळावा पण न खपल्यास परत करता येऊ नये. त्यामुळे १९९३ नंतर गिऱ्हाईक ओसरले तेव्हा गठ्ठे दुकानदाराच्याच गळ्यात पडले. शेकडो दुकाने बंद झाली. डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलसारख्या बलाढ्य प्रकाशनसंस्थेस दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आश्रय घ्यावा लागला. ज्या दुकानात दर आठवड्यास एखादा मुलगा खाऊच्या पैशांतून आपली गोष्ट घ्यावयास येई, ते दुकान न वाचणाऱ्यांच्या हव्यासापायी बुडाले.

असो. आमच्या स्नेह्यांनी आम्हांस विचारले, “प्रत उघडू काय?” आम्ही म्हटले, दहांपैकी एक उघडण्याने आपण भिकेस लागणार नाही. तेव्हा पिशवी कापली. आत दंडावर बांधावयाची एक काळी पट्टी निघाली, एक मृत्युलेख निघाला, आणि मग ते पुस्तक. आम्ही दोघांनी ते तेथेच वाचले; आणि आम्हांस सांगावयास हरकत नाही की, त्यात जी एक गोष्ट आढळली तिची आम्हांस अपेक्षा नव्हती. डॅन जर्गेन्स या लेखक-चित्रकाराच्या त्या अंकात प्रत्येक पानावर एकच चित्र आहे. चौकटी नाहीत, पानाची वाटणी नाही. हा केवळ डामडौल असावा असे प्रथम वाटले. परंतु त्याच्या आधीचे तीन अंक मिळवून पाहिले तेव्हा खरा प्रकार ध्यानात आला. पहिल्या अंकात पानास चार चित्रे, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन, आणि मृत्यूच्या अंकात एक. नायकाचा अंत जसजसा जवळ येतो तसतसे कथेचे पान मोकळे होत जाते, चित्रे मोठी होत जातात, श्वास मात्र आखूड होत जातो. तराळाने दवंडी पिटावी त्याप्रमाणे चौकटींची संख्याच मृत्यू मोजीत येते.

हा ग्रंथ थोर आहे असे आमचे म्हणणे नाही. त्यातील संवाद भरड आहेत, आणि राक्षस व नायक यांची ती अखंड मारामारी कंटाळवाणीही होते. पण ही एक योजना खरोखर कलावंताची आहे. ती चित्रकथेतच शक्य आहे, कादंबरीत किंवा नाटकात नाही. आणि ज्या लक्षावधी लोकांनी तो अंक मोहोर न तोडता ठेवला, त्यांच्यापुरती ती योजना कधी अस्तित्वातच आली नाही. त्यांनी विकत घेतली ती फक्त पिशवी.

इतके लिहिल्यावर संग्राहकाच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे तेही बोलले पाहिजे, नाहीतर आमच्याकडून अन्याय होईल. ज्या काळी आमच्यासारखे इंग्रजी विद्येचे अभिमानी लोक या पुस्तिकांकडे नाक मुरडून पाहात होते, त्या काळी त्या जतन केल्या त्या हौशी संग्राहकांनी. विद्यापीठे मागाहून जागी झाली. आज मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॉमिक्सचा प्रचंड संग्रह अभ्यासकांस उपलब्ध आहे. आणि ज्या १९९२ साली सुपरमॅनच्या मृत्यूची पिशवी विकली गेली, त्याच साली आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माऊस’ या चित्रकथेस पुलित्झर पारितोषिकांपैकी विशेष पारितोषिक मिळाले. या वाङ्मयप्रकाराचा इतिहास ज्यांस लिहावयाचा आहे त्यांस संग्राहकाच्या पेटाऱ्याचे ऋण मानावेच लागेल.

आम्हांस तर ते ऋण अधिकच बोचते. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स मराठीत निघत, आणि वेताळाच्या कवटीच्या गुहेने आमच्या कित्येक दुपारी खाल्ल्या. ते अंक आम्ही दोऱ्याने शिवून ठेवले होते. महाविद्यालयात जाऊन चार इंग्रजी कवी वाचल्यावर आम्हांस त्यांची लाज वाटू लागली, आणि आम्ही आपल्या हातांनी तो गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत टाकला. १९९० मध्ये ती मालिकाही बंद पडली. आता तेच अंक शोधणारे लोक भेटतात व किमती सांगतात, तेव्हा आम्हांस हळहळ वाटते ती पैशांची नव्हे. त्या अंकांच्या समासात आमच्या वडील बंधूंनी पेन्सिलीने केलेले शेरे होते. ते बंधू आता नाहीत. प्रतवारी करणाऱ्याच्या दृष्टीने ते शेरे म्हणजे दोषच.

ही प्रतवारीही आता शास्त्र होऊन बसली आहे. २००० साली स्थापन झालेल्या एका कंपनीकडे अंक धाडला की ती त्यास दहांपैकी गुण देते, आणि पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून परत पाठविते. फसवणूक टळावी म्हणून ही सोय योग्यच आहे. परंतु वाचावयाचे झाल्यास पेटी फोडावी लागते, आणि फोडली की प्रमाणपत्राची किंमत गेली. आपल्याकडेही पोथी रेशमी रुमालात बांधून ठेवीत. पण त्या रुमालाची गाठ सोडण्यासाठीच मारलेली असे. श्रावण आला की पोथी चौरंगावर यावयाचीच.

मग नव्या कॉमिक्सचा संग्रह करावा की नाही? आमच्या मते अवश्य करावा. फक्त रसिकता आणि सावकारी यांत अग्रमान कोणाचा हे आधी ठरवावे. १९८४ साली ‘निन्जा टर्टल्स’चा पहिला अंक दोघा तरुणांनी पदरमोड करून सुमारे ३००० प्रतींपुरता छापला. २००३ साली ‘द वॉकिंग डेड’ ही कृष्णधवल मालिका गाजावाजा न होता सुरू झाली, व २०१० मध्ये तिच्यावरून दूरचित्रवाणीची मालिका निघाल्यावर पहिल्या अंकाचे भाव कडाडले. या अंकांचे भाग्य कोणास आधी दिसले होते? ज्यांच्याजवळ ते निघाले त्यांपैकी बहुतेकांनी ते गोष्ट आवडली म्हणून घेतले होते. ज्यावर ‘संग्राहकांसाठी’ असे प्रकाशकानेच छापले आहे ते बहुधा संग्रहास योग्य नसते, आणि जे दोनदा वाचावेसे वाटते ते भाव पडला तरी बुडीत जात नाही, कारण त्याचे व्याज वाचतानाच वसूल झालेले असते.

धनाच्या तीन गती सुभाषितकारांनी सांगितल्या आहेत: दान, भोग आणि नाश. ग्रंथासही त्या लागू आहेत. आमच्या स्नेह्यांनी एक प्रत उघडून भोगली, दोन आपल्या मुलाच्या मित्रांस दिल्या. उरलेल्या सात अजून काळ्या पिशवीत आहेत. त्यांचे काय करावे, असे ते अधूनमधून आम्हांस विचारतात, आणि आम्ही कात्रीकडे बोट दाखवितो.