अवतार आणि बहुरूपी : आभासी जगातील श्रमाचे लेखन

ऑनलाइन आभासी जगात वावरणाऱ्या माणसाच्या प्रतिमेस ‘अवतार’ हे नाव १९८०च्या दशकात, ल्युकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या खेळाच्या घडणीत मिळाले. नील स्टीफनसन यांच्या ‘स्नो क्रॅश’ (१९९२) या कादंबरीने ते सर्वतोमुखी केले. आपल्या शब्दाच्या या परदेशगमनाचे आपण कौतुक करतो. पण त्या शब्दासोबत एक गृहीतकही गेले. अवतार घेतो तो देव, आणि तो स्वेच्छेने घेतो. पोटासाठी रूप घेऊन दारोदार फिरणाऱ्यास मराठीत बहुरूपी म्हणतात. आभासी जगाविषयीच्या लेखनात या दुसऱ्या प्रकारच्या रूपधारणाचे काय होते, हे येथे पाहावयाचे आहे.

टॉम बोल्स्टॉर्फ यांचा ‘कमिंग ऑफ एज इन सेकंड लाइफ’ (२००८) हा ग्रंथ शीर्षकापासूनच मार्गारेट मीड यांच्या १९२८च्या सामोआविषयक ग्रंथाचे स्मरण करून देतो. २००४ ते २००७ या काळात बोल्स्टॉर्फ यांनी ‘सेकंड लाइफ’मध्येच घर बांधले, ‘एथनोग्राफिया’ नावाचे कार्यालय थाटले आणि तेथील रहिवाशांना त्या जगाबाहेर न भेटता अभ्यास केला. शेजार, जमीन, मैत्री, कीबोर्ड सोडून उठलेल्या माणसाचे मागे ताटकळत उभे राहिलेले शरीर यांविषयी त्यांनी जे लिहिले आहे ते या पद्धतीचेच फळ होय. तेथील रहिवासी कपडे, घरे, दागिने घडवितात. २००३पासून या निर्मितीवर त्यांचा बौद्धिक हक्क मान्य झाला आणि लिंडेन डॉलर खऱ्या डॉलरांत बदलता येऊ लागले. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपण म्हणतो. लिंडेन लॅबने तेही आणून दाखविले. श्रमाला सर्जन समजणाऱ्या या व्यवस्थेचे बोल्स्टॉर्फ यांनी केलेले विवेचन मर्मग्राही आहे. ‘अवतार’ या शब्दाची दिशा येथे उलटली आहे, देहातून आभासाकडे गेली आहे, हेही त्यांनी नेमके टिपले. मात्र ज्याची मजुरी त्या जगाच्या वेशीबाहेर ठरते, त्याच्यापाशी ही पद्धत थांबते. बाहेर न पडण्याचे व्रत घेतल्यावर बाहेरचा मुकादम दिसावयाचा कसा?

तो मुकादम ज्युलियन डिबेल यांना दिसला. लॅम्डामू या केवळ शब्दांनी रचलेल्या जगातील एका अत्याचारावर आणि त्यानंतर तेथील रहिवाशांत झालेल्या वादावर १९९३ साली लिहून त्यांनी आभासी समाजजीवनाला पत्रकारितेत स्थान मिळवून दिले होते. २००७ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिक-पुरवणीसाठी ते चीनमधील नानजिंगला गेले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये १२-१२ तास राक्षस मारून नाणी गोळा करणारे तरुण त्यांना तेथे भेटले. १०० नाण्यांमागे मजुराला १० युआन, म्हणजे सुमारे सव्वा डॉलर. तीच नाणी अमेरिकी वा युरोपीय खेळाडूच्या हाती पडेपर्यंत किंमत २० डॉलरांपर्यंत चढे. पाळी संपल्यावर यांतील काही जण विरंगुळा म्हणून तोच खेळ खेळत. याच लेखात ४० जणांच्या एका तुकडीची हकीकत आहे. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकास अवघड गुहांतून पार नेणे हे तिचे काम. त्या कामात या मुलांना एकमेकांची साथ, कौशल्याचा अभिमान, सारे काही गवसले होते. धंदा चालला नाही आणि तुकडी मोडली. ज्यांनी ती सोबत घडविली त्यांचा तिच्यावर कोणताही हक्क नव्हता. त्यानंतर पुन्हा नाणी वेचणे आले. आभासी समाजजीवनावरील साहित्यात याहून करुण प्रसंग माझ्या वाचनात नाही.

यात डिबेल यांना पडलेले कोडे खेळ आणि काम यांच्या सरमिसळीचे आहे. मराठी वाचकास हे कोडे तितके नवे वाटू नये. डोंबारी ‘खेळ करतो’ तेव्हा दोरीवरचे मूल खेळत नसते, हे भोवती जमलेल्यांनाही ठाऊक असते. तमाशाकडे आतून पाहणाऱ्या किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनात घर नाचणारीच्या कमाईवर चालते आणि नाचणारीला घरात बोलण्याचा अधिकार नसतो. प्रेक्षकाची करमणूक व कलावतीची मजुरी यांतील अंतर त्या पुस्तकात कोणत्याही संज्ञेवाचून उभे राहते, कारण लिहिणारा तिचा मुलगा आहे.

या दृष्टीने कोरी डॉक्टरो यांची ‘फॉर द विन’ (२०१०) ही कादंबरी पाहावी. तिचे एक सूत्र थेट धारावीत आहे. गावाहून आलेली, प्लास्टिक निवडण्याच्या कारखान्यावरील खोलीत राहणारी माला सायबर कॅफेत मुलांची फौज चालविते. ‘जनरल रोबोटवाला’ ही तिची पदवी. बॅनर्जी नावाचा इसम तिला इतर खेळाडू-मजुरांवर सोडतो, आणि पुढे ती त्याच मजुरांच्या संघटनेत येते. संघटनेचे नाव १९०५ साली शिकागोत स्थापन झालेल्या ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’वर बेतलेले आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालीच गिरणी कामगारांची संघटना उभारली त्या शहरात या स्मृतीची आयात करावी लागावी, हे मजेचे आहे. लेखकाची सहानुभूती निःसंशय आहे. तरीही कथन चढाईच्या प्रसंगांत रमते, अधूनमधून अर्थशास्त्राचे पाठ देते, आणि माला सेनापती होताच तिच्या कामाचा कंटाळवाणेपणा, तिची दुखणारी बोटे वाचकाच्या नजरेआड होतात. बहुरूप्याला पुन्हा अवतार केले जाते. धारावीतल्या कॅफेत ही मुलगी आपल्या फौजेला हुकूम देते तेव्हा त्या आवाजात तिचे गाव ऐकू येत नाही. ऐकू येते ती कादंबरीकाराची सफाईदार इंग्रजी.