एकाच कपाटातली पुस्तके

आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. तेथील कपाटांवर चिठ्ठ्या डकविलेल्या आहेत : कथा, कादंबरी, काव्य, चरित्र, इतिहास. अगदी शेवटी, खिडकीजवळच्या कपाटावर एकच चिठ्ठी आहे : ‘दलित साहित्य’. या एका कपाटात बाबुराव बागुलांच्या कथा आहेत, ढसाळांची कविता आहे, आत्मकथने आहेत, चळवळीचा इतिहास आहे आणि संमेलनांची अध्यक्षीय भाषणेही आहेत. ग्रंथपाल सज्जन गृहस्थ आहेत. शोधणाऱ्याला सोपे जावे म्हणून ही सोय केली, असे त्यांनी मला सांगितले. सोय होते हे खरेच. पण त्या चिठ्ठीत मराठी समीक्षेची एक जुनी खोडही उतरली आहे. दलिताने काहीही लिहिले की ते आधी ‘दाहक अनुभव’ ठरते. ती कथा आहे की इतिहास, हा प्रश्न मग कोणी विचारतच नाही.

मी समीक्षक नव्हे. नोकरीतून मोकळा झालेला आणि वाचनाचे व्यसन असलेला माणूस आहे. गेल्या पावसाळ्यात या कपाटातली पुस्तके मी पुन्हा वाचून काढली, आणि ही खोड माझ्यातही आहे हे ध्यानात आले.

सुरुवात बागुलांपासून केली. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह 1963 चा. शीर्षककथेतला नायक रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेजवळच्या उधन्याला जातो, जात लपवून राहतो आणि उघडा पडल्यावर मार खातो. बागूल स्वतः सुरतेकडे रेल्वेत होते. तेव्हा हे त्यांचेच जिणे, असे समजून मी ही कथा पूर्वी वाचली होती. या खेपेला काशिनाथकडे नीट लक्ष गेले. अनुभव एका माणसाचा असेल, पण कथेत माणसे दोन आहेत. एक जात लपवितो; दुसरा ती उघड सांगतो आणि जवळ चाकू बाळगतो. एकाच नोकरीत, एकाच जातीचे हे दोघे समोरासमोर उभे करून लेखकाने दोन वाटा तोलून पाहिल्या आहेत. शेवटी चाकूवाला धावून येतो. आणि मार खाल्लेला मात्र मारणाऱ्यांवर डूख धरीत नाही, त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मनूकडे बोट दाखवितो. कोणाचे बरोबर, हे कथा सांगत नाही. हे अनुभव ‘ओतणे’ नव्हे. हा विचार आहे, आणि तो कथेच्या बांधणीतूनच होऊ शकतो.

माझी फजिती झाली ती ऊर्मिला पवारांच्या बाबतीत. त्यांची ‘कवच’ ही कथा मी बऱ्याच वर्षांपूर्वी वाचली होती. आई बाजारात आंबे विकते. त्या आंब्यांच्या नावावरून शाळेत द्व्यर्थी विनोद होतो आणि मुलाला आईचीच लाज वाटू लागते. ही लेखिकेची आई, हे मी मनाशी धरून चाललो होतो. पुढे ‘आयदान’ (2003) हाती आले, तर तिथली आई बांबूच्या सुपल्या-टोपल्या विणते आणि नवऱ्यामागे त्यावर संसार ओढते. मला क्षणभर चक्क फसविल्यासारखे वाटले! म्हणजे आंबेवाली आई रचलेली होती? होती, आणि का असू नये? पांढरपेशा लेखकाने आई रचली तर आपण तिला पात्र म्हणतो. दलित लेखिकेने रचली की आपण तिच्याकडे दाखला मागतो.

पण या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त हलविले ते बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने (1986). या पुस्तकाबद्दल, शिकलेली नसलेली बाई जे भोगले ते जसेच्या तसे सांगते, अशा अर्थाचे कौतुक मी अनेकदा ऐकले आहे. कौतुक मनापासूनचे असेल, पण ते चुकीचे आहे. पुस्तकात वीरगावचा महारवाडा आहे, येसकराची घुंगरांची काठी आहे, आषाढ आहे, पोतराज आहेत, अंगात येणे आहे, सुनांच्या पायांत अडकविलेला लाकडी खोडा आहे. महारवाड्याने स्वतःच्याच लेकीसुनांना कसे छळले, हे सांगताना या बाई कचरत नाहीत. एक गोष्ट मात्र शोधूनही फारशी सापडत नाही, ती म्हणजे लेखिकेचा स्वतःचा संसार. ‘मी’ बाजूला सरतो आणि ‘आम्ही’ बोलत राहतात.

माया पंडितांनी या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले. ते 2008 साली आले. त्याच्या शेवटी बेबीताईंची मुलाखत आहे. फलटणला वाणसामानाच्या दुकानात बसून, रद्दीतले कागद वाचत वाचत त्या लिहीत आणि वह्या घरच्यांपासून लपवून ठेवीत. वीसेक वर्षे त्या वह्या लपलेल्या होत्या. नवऱ्याचा संशय आणि मारही त्यांच्या वाट्याला आला होता. हे पुस्तकात का नाही, तर त्यांना समाजाचे जिणे सांगायचे होते, एकटीचे नव्हे. म्हणजे या बाईने काय सांगायचे आणि काय गाळायचे हे ठरवून लिहिले. जे गाळले तेच तिच्या अंगावर सर्वांत जास्त उमटलेले होते, आणि ते बाहेर यायला दुसरा प्रकार, मुलाखतीचा, आणि आणखी बावीस वर्षे लागली. ‘जसेच्या तसे’ म्हणणारांनी हे विसरू नये. माझी मात्र एक तक्रार आहे. ‘आम्ही’ या शब्दाने एवढी मोठी ताकद दिली, पण त्याच शब्दाआड तिला स्वतःचे दुखणे ठेवावे लागले. समाजासाठी गप्प राहण्याची ही किंमत आपल्या चळवळीत बायकांनीच का द्यावी?

‘आम्हीही इतिहास घडवला’ हे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे पुस्तक 1989 चे. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बायकांच्या दाराशी जाऊन, त्यांना बोलते करून आणि जुनी वर्तमानपत्रे चाळून ते लिहिले आहे. मी जन्मभर जयंतीच्या सभा ऐकल्या. पण जुलै 1942 मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला आणि पुरुषाने अनेक बायका करण्याला विरोध केला, हे मला कोणत्याही व्यासपीठावरून ऐकायला मिळाले नव्हते. स्टेशनावर ओझी वाहिलेल्या जाईबाई चौधरींनी नागपुरात मुलींची शाळा काढली, हेही नाही. या पुस्तकाला आत्मकथनाच्या शेजारी ठेवले की त्याचे मोल बुडते. भोगल्याची कहाणी ऐकून हळहळता येते. ठरावाशी मात्र एक तर सहमत व्हावे लागते, नाही तर वाद घालावा लागतो. काही मुलाखतींत आदरापोटी लेखण्या आटोपत्या झाल्या आहेत, घरातले फारसे विचारलेले नाही. ते उणे मान्य करूनही हा इतिहासच आहे.

याच सुमारास पुण्यात शिकणाऱ्या पुतणीने शैलजा पाईक यांचे ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (2022) हे इंग्रजी पुस्तक आणून दिले. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा ते पचनी पडले. विषय तमाशातल्या दलित स्त्रियांचा. पट्ठे बापूरावांचे नाव आपण घेतो, पण पवळाबाईचे कोणत्या सुरात घेतो, हे लेखिका विचारते. 1936 च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या बायकांना ते जीवन सोडा असे बजावले. त्या भाषणाने किती जणींना वाट दिसली हे मी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, म्हणून लेखिकेचे प्रश्न वाचताना मी अस्वस्थ झालो, मध्येच पुस्तक मिटवूनही ठेवले. धर्मांतराच्या घोषणेनंतरचे ते वर्ष होते; सबंध समाजाला मान ताठ करून उभे करायचे होते. हे सर्व खरे. तरी ज्यांच्या पोटाला फडच होता त्या ‘अश्लील’ ठरल्या, आणि माणुसकीच्या हिशोबात त्यांचे नाव आम्हीच हळू आवाजात घेतले, हेही मला नाकारता येईना. एका पुस्तकात सभेला आलेल्या बायका आहेत, दुसऱ्यात फडावरच राहिलेल्या. दोन्ही आमच्याच.

परवा मी ग्रंथपालांना म्हटले, ‘आम्हीही इतिहास घडवला’ इतिहासाच्या कपाटात ठेवा. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, “ठेवतो हो, पण मग ते कोणी नेणार नाही. इतिहासाच्या कपाटाकडे येतो कोण? संध्याकाळी वसतिगृहातली पोरं-पोरी येतात त्या खिडकीपाशीच.” त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. शेवटी, दुसरी प्रत मागवावी आणि एकेक दोन्हीकडे ठेवावी, असे ठरले आहे.