डोंगरांतील पाऊस आणि आमचें प्रवासवर्णन

पावसाळी डोंगरवाटेचें वर्णन हें मराठी प्रवासलेखनांतील एक हुकमी प्रकरण होऊन बसलें आहे. मोटार घाटास लागते, धुकें खालीं उतरतें, कड्यावरून पाणी कोसळतें, बोचऱ्या थंडींत चहा अमृतासारखा लागतो आणि लेखक निसर्गापुढें नतमस्तक होऊन लेख संपवितो. यांत खोटें कांहींच नसतें. परंतु माळशेजवरील लेखांतील पानें उचलून आंबोलीवरील लेखांत घातलीं, तर तें वाचकाच्या ध्यानांतही येणार नाहीं, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

उदाहरणार्थ, सटाण्याहून ताहाराबाद व मुल्हेर या मार्गानें साल्हेरकडे जाणारा रस्ता घ्यावा. सटाणा हें पर्जन्यछायेंतील गांव. ऐन पावसाळ्यांतही तेथील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. पश्चिमेकडे निघालें कीं सेलबारी-डोलबारीच्या रांगा जवळ येतात, हवेंत गारवा भरतो, मांगी-तुंगीचे जुळे सुळके ढगांत बुडतात, आणि साल्हेरच्या पायथ्याशीं पाऊस अंगावर येतो. कळसूबाईच्या (१६४६ मीटर) खालोखाल महाराष्ट्रांतील सह्याद्रींत उंची आहे ती साल्हेरची, १५६७ मीटर. कोरड्या माळावरून ओल्या कड्याकडे होणारें हें संक्रमण या वाटेचें खरें वैशिष्ट्य होय. आणि कोंकणच्या घाटांवरून उसन्या घेतलेल्या विशेषणांत नेमकें तेंच हरवतें.

आणखी एक गोष्ट सुटते. प्रवासी पावसाकडे जातो, पण पाऊस गांवाकडे येतो. याच डोंगरांत उगम पावून मोसम व आरम या नद्या पूर्वेकडे वाहतात. त्यांवर बंधारे घालून, पाटानें पाणी नेऊन, पाटकऱ्याकरवीं तें शेतांशेतांत वांटून देण्याची फड पद्धत या भागांत शतकानुशतकें चालत आली. आज ती क्षीण झाली असली, तरी पाण्याची किंमत कमी झालेली नाहीं.

कोणी म्हणेल, सहलीस गेलेल्या माणसानें शेतीचा हिशेब कां लिहावा? तो लिहावा असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र चिं. वि. वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेला गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ पाहावा. १८५७ च्या धामधुमींतून गेलेल्या आणि आईबापांस स्नान घालण्यासाठीं गंगेची कावड घेऊन वरसईस परतलेल्या या भटजींना पाण्याचें ओझें ठाऊक होतें. भूक, भय, पैसा आणि वाटेंत भेटलेलीं माणसें यांची नोंद त्यांनीं ठेविली, म्हणूनच त्यांचा प्रवास अद्याप वाचवतो. त्यांतील वाट दुसऱ्या कोणाच्या ग्रंथांत बसविणें शक्य नाहीं.

आमच्या नव्या लेखकांजवळ मोटार आहे, छायाचित्रें आहेत, भाषाही सफाईची आहे. त्यांनीं परततांना ताहाराबादेस मोसमेच्या कांठीं घटकाभर थांबावें आणि डोंगरावर आपणांस भिजविणारा पाऊस येथें कोणाच्या उपयोगीं पडतो, हें तेथल्याच कोणास विचारावें. एवढें केलें तरी धुक्याचें वर्णन निम्म्यानें आटोपेल आणि लेख दुप्पट वाचनीय होईल.