श्रेष्ठ कोण? मोजायचे कसे?

बास्केटबॉलमधील श्रेष्ठत्व ठरवताना मायकेल जॉर्डनची ६ अजिंक्यपदे पुढे केली जातात. बिल रसेलच्या ११ अजिंक्यपदांचा विषय निघाला, की मात्र ‘तेव्हा संघच थोडे होते’ असे ऐकू येते. ते खरे आहे. एन.बी.ए.मध्ये १९५७ साली ८ संघ होते, १९९८ साली २९. पण मग नुसती अजिंक्यपदे मोजणे दोघांसाठीही अपुरेच ठरते. रसेलची खासियत प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू अडवण्याची. त्याची अधिकृत नोंद १९७३-७४पासून सुरू झाली आणि रसेल १९६९मध्येच निवृत्त झाला. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे! खेळाडू समकालीनांच्या किती पुढे होता, हे सर्वांसाठी सारखेच तपासावे, असे आम्हांला वाटते. मोजताना एकक मध्येच बदलू नये, हे प्रयोगशाळेत आपण मुलांना शिकवतोच.