‘९२ टक्के’ वाचताना

स्त्रियांच्या आरोग्यावरील व्याख्यानांत एक आकडा हमखास येतो : ग्रामीण स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रीरोगांनी ग्रस्त. तो डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांच्या, १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधातला. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार मिळालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. कुटुंबनियोजन व बाळंतपणापलीकडे न पाहणाऱ्या आरोग्यव्यवस्थेला या निबंधाने जाब विचारला. त्याचे हे मोल निर्विवाद आहे.

आमचा आक्षेप आहे तो आकड्याच्या वापरावर. या ९२ टक्क्यांत अनेक प्रकारचे विकार एकत्र मोजलेले आहेत. जंतुसंसर्गाचा वाटा त्यांत निम्मा. शिवाय तक्रार होती ५५ टक्के स्त्रियांची. म्हणजे तक्रार नसतानाही आजार असू शकतो. याची दुसरी बाजू डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसली. तेथे ‘पांढरे जाण्याच्या’ तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक-सामाजिक ताणांशी अधिक आढळला.

नुसता ९२चा आकडा वर्गात गेला, तर यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या शाळकरी मुलीला साधा ओलावाही रोग वाटेल. ‘पांढरे जाते, म्हणून शक्ती जाते’ या जुन्या समजावर मग विज्ञानाचा शिक्का बसतो, आणि थकव्याचे खरे कारण, बहुधा रक्तक्षय, तपासायचे राहून जाते.

म्हणून आधी निरोगी काय ते सांगावे. पहिली पाळी येण्याच्या काही महिने आधीपासून पारदर्शक किंवा पांढरट स्राव होऊ लागतो. पाळीचक्राच्या मध्यावर तो अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जातो. योनीतले लॅक्टोबॅसिलस जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तेथील सामू सुमारे ३.८ ते ४.५ राहतो व अपायकारक जंतूंना आळा बसतो. आत साबण वा जंतुनाशक वापरल्यास हेच संरक्षण बिघडते. बाहेरून साधे पाणी पुरेसे.

खाज, दह्यासारख्या गुठळ्या, माशासारखा वास, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणे, ताप किंवा पाळीव्यतिरिक्त रक्तस्राव असेल, तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. या दोन्ही याद्या शिक्षकांनी फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात. ९२चा आकडा त्यानंतर सांगावा.