बेड्या व रुप्याचीं भांडीं

अमेरिकेंतील मेरीलंड हिस्टॉरिकल सोसायटी ही बाल्टिमोर येथें १८४४ सालीं स्थापन झालेली संस्था. तिच्याच संग्रहांतून फ्रेड विल्सन या कृष्णवर्णी कलावंतानें १९९२-९३ सालीं 'मायनिंग द म्यूझियम', म्हणजे संग्रहालयाचें खणन, हें प्रदर्शन मांडलें. त्यासाठीं विल्सन यांनीं ना मूर्ति घडविली, ना चित्र रंगविलें. कोठारांतील वस्तूंच्या जागा तेवढ्या बदलल्या. जुन्या वस्तु जमविणें हेंच ज्यांचें व्रत, त्यांनीं यास कलावंताचा चाळा म्हणून सोडून देणें बरें नव्हे.

एका काचपेटींत नक्षीदार रुप्याचीं भांडीं व त्यांच्या मधोमध गुलामांच्या लोखंडी बेड्या होत्या. चिठ्ठी एवढीच : 'धातुकाम, १७९३–१८८०'. तींत एक अक्षर खोटें नाहीं. परंतु हे दोन जिन्नस निरनिराळे ठेवणें हेंही एक विधानच होतें, आणि तें कोणाच्याही ध्यानांत आलें नव्हतें. लांकूडकामाच्या दालनांत उंची खुर्च्या फटके देण्याच्या खांबाकडे तोंड करून मांडल्या होत्या. हा खांब तर पाहणाराची मान खालीं घालावयास लावतो.

तथापि संशोधकाचें समाधान एवढ्यानें होत नाहीं. मेरीलंडांत गुलामगिरी १८६४ सालीं रद्द झाली. चिठ्ठीवरील १८८० हें साल ती रेघ पुसून टाकतें. बेड्या कोणाच्या पायांतल्या, रुपें कोणाच्या घरचें, हेंही अनुत्तरितच. हॅरिएट टबमन, बेंजामिन बॅनेकर व फ्रेडरिक डग्लस या मेरीलंडच्याच तिघांच्या नांवाचे रिकामे चौथरे पाहून मन चरकतें खरें. पण रिकामा चौथरा हा आरोप होय, शोध नव्हे.

शोध आहे तो पेरी हॉलच्या चित्रापाशीं. फ्रान्सिस गाय यानें सुमारें १८०५ सालीं त्या जहागिरीवरील गुलामांचीं खोपटें व शेतांत राबणारीं माणसें रंगविलीं. विल्सन यांनीं तेथील मालमत्तेची यादी हुडकली. तींत हींच माणसें गुरें व सामानसुमान यांच्या पंक्तीस बसविलेलीं. तीं नांवें त्यांनीं चित्राशेजारीं आणून ठेविलीं. कागद व चित्र यांची अशी गांठ घालणें हें आमच्या धंद्याचेंच काम; तें कलावंतानें करून दाखविलें, याची थोडी लाज वाटते. पेशवेकालीन कागदांत कुणबिणींच्या खरेदीच्या नोंदी आपणही वाचतों. मिती व किंमत टिपून घेतों, आणि नांव असलें तरी त्याची निराळी सूची करीत नाहीं.