‘बुधन’ : ‘तो’ आणि ‘आम्ही’

अहमदाबादच्या छारानगरात १९९८ साली स्थापन झालेल्या बुधन थिएटरचे ‘बुधन’ हे पहिले नाटक वरवर पाहता परक्याची कथा सांगते. बुधन शबर हा पश्चिम बंगालमधील पुरुलियाचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत पोलिसांच्या मारहाणीनंतर बंदिवासात त्याचा मृत्यू झाला. शबर आणि छारा यांची भाषा एक नाही, प्रदेशही एक नाही. त्यांना जोडतो तो १८७१ च्या कायद्याने रूढ केलेला ‘गुन्हेगार जमाती’ हा शब्दप्रयोग. छारानगर ही मुळात याच कायद्याखाली बंदिस्त केलेल्यांची वसाहत होय. १९५२ मध्ये या जमाती कायद्यातून मुक्त झाल्या. शब्द मात्र लोकांच्या तोंडी राहिला.

नाटकाचे सामर्थ्य या संदर्भात पाहिले पाहिजे. नेपथ्याला फाटा देऊन नट केवळ शरीर व आवाज यांच्या बळावर प्रसंग उभे करतात, आणि अखेरीस प्रेक्षकांकडे वळून आपल्या नागरिकत्वाविषयी प्रश्न करतात. तेथे तृतीय पुरुषातील ‘तो’ प्रथम पुरुषातील ‘आम्ही’ होतो. ज्यांच्याविषयी आजवर इतरच बोलत आले, त्यांनी वाक्याचे कर्तृपद येथे स्वतःकडे घेतले आहे.

एक उणीव मात्र नोंदविणे प्राप्त आहे. नाटकाची भाषा हिंदी. छारांची घरची बोली भांतू. ज्यांना जाब विचारावयाचा त्यांना समजेल अशी भाषा निवडणे योग्यच. परंतु वस्तीचा इतिहास ज्या बोलीत घरोघरी सांगितला गेला, तिचा स्वर त्यामुळे मागे पडतो. कैफियत ऐकणाऱ्याच्या भाषेत मांडावी लागते. स्मृती मात्र स्वतःच्या बोलीतच पूर्णपणे बोलते.